सर, तुम्ही पत्रकार आहात का?



दहावीच्या वर्गात बातमीलेखन शिकवत होतो. उपयोजित लेखनातला हा घटक मुलांना सोपा वाटतो, कारण साचा ठरलेला असतो. शीर्षक, स्थळ, दिनांक, ‘आमच्या वार्ताहराकडून’ आणि मग दोन परिच्छेद. वृक्षारोपण घ्या नाहीतर शिक्षक दिन घ्या, बातमी तयार. फळ्यावर नमुना लिहून झाला आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली.

“सर, तुम्हीपण नेटवर लिहिता ना? मग तुम्ही पत्रकार आहात का?”

वर्ग हसला. मीही हसलो. “नाही गं बाई, मी आपला मास्तर. बस खाली,” असं म्हणून पुढे गेलो.

तास संपला, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. ब्लॉग लिहिणारा माणूस आणि वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस यांच्यात नक्की फरक काय, हे मला काही वर्षांपूर्वी कळलं होतं. ते कळण्याची किंमत मात्र मी मोजली नव्हती. ती नववीतल्या एका मुलीने मोजली होती. ही गोष्ट मी आजवर इथे लिहिली नाही. आज लिहितो.

ओढ्यावरची फरशी

आमच्या शाळेत पलीकडच्या दोन वाड्यांवरून मुलं येतात. मध्ये ओढा आहे, त्यावर जुनी फरशी आहे. पावसाळ्यात जोराचा पाऊस झाला की फरशीवरून पाणी वाहतं. मग मुलं एकमेकांचे हात धरून येतात, दप्तर डोक्यावर. एका जुलै महिन्यात मी हे दृश्य पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला आणि रात्री बसून लिहिलं.

लिहिलं ते मनापासून लिहिलं. मुलांचे भिजलेले गणवेश, पाण्यात वाहून गेलेली एक चप्पल, सगळं होतं त्यात. पण शेवटी मी एक वाक्य टाकलं, “या पुलासाठी मंजूर झालेला निधी गेला कुठे, याचं उत्तर ग्रामपंचायतीने आणि ग्रामसेवकांनी द्यावं.”

निधी मंजूर झाल्याचं मला कोणी सांगितलं? स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एका पालकाने. त्यांना कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. वाक्य जोरदार वाटलं, लेखाला शेवट मिळाला, म्हणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो लेख गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. लोक रस्त्यात थांबवून म्हणायला लागले, “सर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. पेपरवाले कुठे लिहितात असलं?” खरं सांगतो, छाती फुगली माझी.

संध्याकाळी तात्या घरी आले. तात्या म्हणजे आमच्या तालुक्याचे जुने वार्ताहर. तीस वर्षं एकाच दैनिकाला बातम्या देतात. मला वाटलं, लेख छापायला मागतील. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, “सर, मंजुरीचा कागद पाहिलात का?”

“नाही. पण सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना म्हणजे कोणाला? ग्रामसेवकांना फोन केला होता का?”

“त्यांना काय विचारायचं, तात्या? ते काय हो म्हणणार आहेत?”

“हो म्हणणार नाहीत. पण काय म्हणतात ते तरी कळेल की. सर, मी चुकलो तर माझ्या मागे संपादक आहे, वकील आहे. दुसऱ्या दिवशी खुलासा छापायला जागा आहे. तुमच्या मागे कोण आहे?”

मला राग आला. मनात म्हटलं, म्हातारा घाबरला. जाहिराती बंद होतील म्हणून लिहीत नसणार. तसं मी तोंडावर बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. तात्या उठून गेले.

चार दिवसांनी ते पुन्हा आले. हातात झेरॉक्स होत्या. ग्रामपंचायतीने पुलासाठी दोनदा ठराव केला होता. दोन्ही ठरावांच्या नकला होत्या, जावक क्रमांकासह. प्रस्ताव वर गेला होता, पण मंजुरी कधीच आली नव्हती. निधी आलाच नव्हता, तर खाणार कोण? दुसऱ्या ठरावाचा पाठपुरावा त्याच ग्रामसेवकांनी केला होता, ज्यांना मी गावासमोर उभं केलं होतं.

त्या चार दिवसांत वर्गात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. ग्रामसेवकांची मुलगी माझ्याच नववीच्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसणारी, कविता पाठ म्हणून दाखवणारी. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली होती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मुलं तिला म्हणत होती, “तुझ्या पप्पांनी पूल खाल्ला.”

मी ते वाक्य ऐकलं आणि त्या रात्री झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांच्या घरी गेलो, माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, “सर, मला एक फोन केला असता तर मीच कागद दाखवले असते. तुम्ही लिहिलंत ते पुलासाठी लिहिलंत, हे कळतं मला. पण पोरीला नाही कळत.” वर्गातही सगळ्यांसमोर सांगितलं की सरांची चूक झाली. लेख दुरुस्त केला. पण आधीच्या लेखाचे स्क्रीनशॉट फिरतच राहिले. दुरुस्ती कोणी पुढे पाठवली नाही. मुलगी हळूहळू पुढच्या बाकावर आली, पण त्या वर्षी तिने कविता म्हणून दाखवली नाही. मीही आग्रह केला नाही.

मग तात्यांची बातमी आली

तात्यांनी बातमी लिहिली. शीर्षक साधं होतं. वाड्यांवरून येणाऱ्या मुलांची संख्या, फरशी किती वेळा पाण्याखाली जाते, ठराव कधी झाले, कुठे अडकले, संबंधित अधिकाऱ्यांचं म्हणणं काय. कोणाला शिवी नाही, कोणाचं कौतुक नाही. माझ्या लेखासारखं ते वाचून कोणाचं रक्त तापलं नाही. पण त्या बातमीनंतर कार्यालयातून माणूस येऊन फरशीची पाहणी करून गेला. पूल अजून झालेला नाही. फरशीच्या दोन्ही कडांना खांब रोवले गेले, पाण्याची पातळी कळावी म्हणून त्यांवर पट्टे मारले गेले. पाणी पहिल्या पट्ट्याला लागलं की वाड्यांवरच्या मुलांना आम्ही लवकर सोडतो. एवढं झालं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ब्लॉगवाला चूक आणि पेपरवाला बरोबर. तसं नाही. तात्या स्वतः मला म्हणाले, “सर, तुमचा फोटो नसता तर मला ही बातमी सुचलीच नसती. शंभरावर गावं आहेत माझ्याकडे. ओढ्याला पाणी आलं की मी तिकडे जाणार कसा?” हेही खरं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती मिळतं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. बऱ्याच ठिकाणी बातमीबरोबर जाहिरातीही त्यानेच आणायच्या. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात आणायची, त्याच्याविरुद्ध दसऱ्याला लिहायचं, ही कसरत सोपी नाही. ती अडचण मला नव्हती. मी रोज त्या फरशीवरून जात होतो, त्या मुलांची नावं मला माहीत होती. पाहण्याची जागा माझ्याकडे होती, पडताळण्याची सवय तात्यांकडे होती.

आणि चुका तिकडेही होतात. एकदा माझ्या विद्यार्थ्याने लिहिलेला, मी इथे टाकलेला निबंध एका पुरवणीत जसाच्या तसा छापून आला. मुलाचं नाव नाही, शाळेचं नाव नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, “नेटवर होता, म्हणून घेतला.” नेटवरचं लेखन म्हणजे रस्त्यावर पडलेली वस्तू, असं अजूनही काही जणांना वाटतं.

अमेरिकेतला एक प्रसंग

ही ओढाताण फक्त आपल्याकडची नाही. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ साली वापरात आला आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला. लॉग म्हणजे जहाजावरची रोजची नोंदवही. पुढच्या पाच-सहा वर्षांतच या नोंदवहीवाल्यांची आणि मोठ्या वृत्तसंस्थांची गाठ पडली.

८ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने एक कार्यक्रम दाखवला. निवडणूक तोंडावर होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या तरुणपणीच्या लष्करी सेवेबद्दलची, १९७२-७३ मधली म्हणून काही कागदपत्रं त्यात दाखवली गेली. निवेदक होते डॅन रादर, तिथलं अत्यंत मोठं नाव. काही तासांत इंटरनेटवर लिहिणाऱ्यांनी शंका काढली, की ही अक्षरं त्या काळच्या टाइपरायटरची वाटत नाहीत. एका ब्लॉगरने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये नेहमीच्या सेटिंगवर टाइप केला आणि मूळ कागदावर ठेवून दाखवला. दोन्ही जवळजवळ तंतोतंत जुळत होते.

सीबीएसच्या एका माजी अधिकाऱ्याने तेव्हा ब्लॉगरांची टर उडवली होती. इकडे वृत्तसंस्थेत तपासणीच्या कितीतरी पायऱ्या, आणि तिकडे घरात पायजमा घालून लिहीत बसलेला कोणी एक, असा त्यांचा सूर होता. पण पायजम्यातल्या माणसाची शंका टिकली. २० सप्टेंबरला सीबीएसने मान्य केलं, की ही कागदपत्रं खरी असल्याचं आम्ही सिद्ध करू शकत नाही. चौकशी समिती नेमली गेली. जानेवारी २००५ मध्ये अहवाल आला, एका निर्मातीला काढलं, तिघांना राजीनामा द्यायला सांगितलं. मार्चमध्ये रादर यांनी बातम्यांची खुर्ची सोडली.

गोष्ट इथे संपवली तर ती ब्लॉगरांच्या विजयाची होते. पण ब्लॉगरांचे सगळे मुद्दे बरोबर नव्हते. त्या काळी वर चढवलेलं लहान अक्षर उमटवणारा टाइपरायटर नव्हताच, असं काहींनी ठोकून दिलं होतं. असे टाइपरायटर होते. शंका काढणाऱ्यांपैकी बरेच जण राजकीयदृष्ट्या रादर यांच्या विरुद्ध बाजूचेही होते. शंकेचं सोनं आणि कचरा वेगळा करायला तज्ज्ञांना विचारावं लागलं, आणि ते काम ‘वॉशिंग्टन पोस्ट’सारख्या वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी केलं. एकाने बोट दाखवलं, दुसऱ्याने जाऊन पाहिलं.

आणि बोट चुकीच्या माणसाकडे गेलं तर? १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिट या संकेतस्थळावर हजारो लोक फोटो तपासत बसले. हेतू चांगला होता, गुन्हेगार सापडावा. पण त्यातून निरपराध तरुणांवर संशय घेतला गेला, त्यांच्या घरच्यांना छळ सोसावा लागला. संकेतस्थळाने नंतर माफी मागितली. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या एका छापील दैनिकानेही दोन निर्दोष तरुणांचा फोटो पहिल्या पानावर छापला होता. म्हणजे संपादक असूनही चूक होते. घाई झाली की कागद आणि स्क्रीन दोन्ही सारखेच.

हे वाचताना मला आमची फरशी आठवते. प्रमाण लहान होतं, पण चूक तीच होती.

आपली परंपरा काय सांगते?

मराठीच्या शिक्षकांनी तर या भांडणात फार गोंधळून जायचं कारण नाही. आपल्याकडे शिक्षक आणि पत्रकार सुरुवातीपासून शेजारी राहत आले आहेत.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून आपण तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. हेच बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक होते, मुलांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तकं लिहिली. म्हणजे आपले आद्य पत्रकार मुळात मास्तरच!

१८४८ पासून गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं लिहिली. शंभरावर पत्रं झाली. ते सरकारी नोकरीत होते, पत्रकार नव्हते. आपल्याच समाजाचे दोष इतक्या रोखठोक शब्दांत सांगणारा हा बाहेरचा माणूस, आणि त्याला जागा देणारा संपादक. मला तर ही जोडी आजच्या ब्लॉगर आणि वर्तमानपत्राला शिकवण्यासारखी वाटते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. सात-आठ वर्षं हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती लिहिलं. एकट्याने लिहायचं, आपल्या मताने लिहायचं, कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. आज याला आपण काय म्हटलं असतं? त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही, पण रीत ओळखीची वाटते. पुढे १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्यातही ते होतेच. एकट्याचं लेखन आणि वर्तमानपत्र हे दोन वेगळे किल्ले आहेत, असं त्या पिढीला वाटलं नाही.

‘वार्ताहर’ या शब्दाकडेही पाहा. वार्ता वाहून नेणारा तो वार्ताहर. शब्दात पगार नाही, ओळखपत्र नाही. वाहून नेताना सांडू नये, भेसळ होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

वर्गात मी काय केलं

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि त्या मुलीला म्हटलं, “काल तुझा प्रश्न मी हसण्यावारी नेला. आज उत्तर देतो.” मग फरशीची गोष्ट सांगितली, त्या मुलीचं नाव न घेता. वर्ग शांत झाला. शेवटी म्हणालो, “ज्या दिवशी मी लिहिण्याआधी समोरच्याला फोन करतो, त्या दिवशी मी पत्रकारासारखं काम करतो. ज्या दिवशी करत नाही, त्या दिवशी मी पारावर बसून मोठ्याने बोलणारा माणूस.”

नंतर फळ्यावर चार प्रश्न लिहिले. हे मी स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं? याचा कागद, फोटो किंवा दुसरा साक्षीदार आहे का? ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला विचारलं का? आणि चुकलं तर दुरुस्ती कुठे, किती ठळक करणार?

गृहपाठ दिला, शाळेतली एक खरी बातमी आणा. कल्पनेतलं वृक्षारोपण नको. बहुतेकांनी खेळाच्या तासाबद्दल लिहिलं. एका मुलाने लिहिलं, की मुलींच्या स्वच्छतागृहाजवळचा नळ दोन आठवडे बंद आहे. खाली लिहिलं होतं, “याबाबत मुख्याध्यापकांना विचारले असता त्यांनी प्लंबर येऊन गेल्याचे व नवी तोटी मागवल्याचे सांगितले. शिपाईकाकांना विचारले असता प्लंबर अजून आलेला नाही असे त्यांनी सांगितले.”

मी ते मुख्याध्यापकांना वाचून दाखवलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सर, हे काय शिकवताय मुलांना?” पण फोन लगेच लावला. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. त्या मुलाला मी पाचपैकी पाच गुण दिले.

पालकांना एक विनंती. आता तुमच्या घरातला प्रत्येक फोन म्हणजे एक छापखाना आहे. मुलाने एखादी बातमी दाखवली तर लगेच खरी-खोटी ठरवू नका. “हे कोणी लिहिलंय, आणि त्याने कोणाला विचारलंय?” एवढंच विचारा. आणि एखादा आरोप पुढे पाठवण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही एखादं लेकरू कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी बाकावर बसलेलं असतं.

शिक्षक मित्रांनो, तुम्ही लिहीत राहा. आपल्या शाळांमधलं जेवढं आपल्याला दिसतं, तेवढं कुठल्याच वार्ताहराला दिसणार नाही. पण तुमच्या तालुक्यातल्या तात्यांचा नंबर फोनमध्ये ठेवा. मी आता असा काही लेख टाकण्याआधी तात्यांना वाचून दाखवतो. ते अर्धा लेख झाल्यावर अजूनही थांबवतात आणि विचारतात, “सर, कागद पाहिलात का?”

हा लेख तुम्हाला कसा वाटला, तुमच्या वर्गात बातमीलेखन तुम्ही कसं शिकवता, ते जरूर कळवा. आणि यात माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा. दुरुस्ती याच लेखात, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत टाकीन.